साडेसहा लाखांचा एक आमदार

नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा पनवेल मतदारसंघाच्या यादीत साडेसहा लाखांहून अधिक नावे होती. त्याच वर्षी 7 मे रोजी गोव्यात लोकसभेचे मतदान झाले होते. त्या वेळी उत्तर गोव्याच्या यादीत सुमारे 5 लाख 80 हजार मतदार होते, दक्षिण गोव्यात सुमारे 6 लाख. खांदेश्वर स्टेशनच्या एका अंगाला खांदा कॉलनी आणि दुसऱ्या अंगाला कामोठे. तिथले रहिवासी मिळून ज्या मतदारसंघातून एक आमदार निवडतात, तो मतदारसंघ गोव्यातल्या कुठल्याही खासदाराच्या मतदारसंघापेक्षा मोठा आहे. गोव्यात त्या प्रत्येक खासदाराच्या जोडीला 20 आमदार असतात. दोन लोकसभा मतदारसंघ, 40 विधानसभा मतदारसंघ आणि एकेका आमदारामागे साधारण तीस हजार मतदार, असा त्या राज्याचा हिशोब आहे. गोवा लहान राज्य आहे, त्याला स्वतःची विधानसभा आहे, म्हणून तिथे आमदार जास्त असणार, हे समजण्यासारखे आहे. पण पनवेलची तुलना महाराष्ट्रातच केली तरी चित्र फारसे सुधारत नाही. मुंबईतल्या वडाळा मतदारसंघात 2024 मध्ये दोन लाखांच्या थोडे वर मतदार होते. तिथूनही एकच आमदार निवडून येतो आणि विधानसभेत त्याचे मत पनवेलच्या आमदाराच्या मताइतकेच मोजले जाते. हार्बर मार्गावरच्या गाड्या वडाळ्याहूनच पनवेलकडे येतात, पण या प्रवासात मतदाराच्या मताचे वजन एक तृतीयांशावर येते. हे कोणी कट करून घडवलेले नाही. जुन्या मोजणीला चिकटून राहिल्यामुळे ते घडले आहे, आणि म्हणूनच ते दुरुस्त करणे आपल्या हातात आहे.

हे घडले कसे, ते आधी पाहू. प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना व्हावी, अशी राज्यघटनेची मूळ योजना आहे. लोकसभेसाठी कलम 82 आणि विधानसभांसाठी कलम 170 हेच सांगते. आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, 42वी घटनादुरुस्ती झाली आणि जागांचे वाटप 1971 च्या जनगणनेवर गोठवले गेले. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा युक्तिवाद होता. पुढे 84व्या दुरुस्तीने ही गोठवणूक 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत लांबवली. 2003 च्या 87व्या दुरुस्तीने मात्र एक महत्त्वाची सोय केली. राज्यांच्या जागांची संख्या तशीच ठेवायची, पण राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा 2001 च्या जनगणनेनुसार नव्याने आखायच्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ते काम केले आणि फेब्रुवारी 2008 मध्ये नव्या सीमा लागू झाल्या. आजचा पनवेल मतदारसंघ आणि तो ज्यात मोडतो तो मावळ लोकसभा मतदारसंघ, दोन्ही त्याच आखणीतले आहेत.

त्या आयोगाने पनवेलवर अन्याय केला का? आकडे तपासले तर तसे दिसत नाही. 2001 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या 9 कोटी 69 लाख होती. 288 जागांनी भागले की एका आमदारामागे सुमारे 3 लाख 36 हजार माणसे येतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 33 लाख 38 हजार होती, म्हणजे जवळजवळ दहा आमदारांची, आणि जिल्ह्याला दहाच जागा मिळाल्या. रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 22 लाख 7 हजार, म्हणजे साडेसहा आमदारांची, आणि रायगडला सात जागा मिळाल्या. हिशोब चोख होता. पण 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटून 30 लाख 85 हजारांवर आली आणि रायगडची वाढून 26 लाख 34 हजार झाली. रायगडमध्येही वाढ सगळीकडे सारखी झाली नाही. श्रीवर्धन-महाडकडची माणसे कामासाठी बाहेर पडत होती. पनवेल तालुक्यात मात्र नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचे नोड, म्हणजे नियोजित वसाहती, भरत होते. सिडकोची स्थापना 1970 ची. नवी मुंबईची वाशी-नेरुळची बाजू आधी वसली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या पट्ट्यात इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या त्या बऱ्याचशा नव्या शतकात. सीमा आखायला घेतलेली मोजणी 2001 ची होती, आणि त्या सीमांवर पहिली विधानसभा निवडणूक 2009 मध्ये झाली. म्हणजे पहिल्याच मतदानाच्या वेळी नकाशा आठ वर्षे जुना झाला होता. आता तर तो पाव शतक मागे पडला आहे.

या विषमतेने प्रत्यक्षात काय फरक पडतो, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर रुपयांतही देता येते. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटींचा निधी मिळतो. वडाळ्यात ही रक्कम प्रत्येक मतदारामागे सुमारे 244 रुपये भरते, पनवेलमध्ये सुमारे 77 रुपये. खासदार निधीही दरवर्षी 5 कोटींचाच असतो. उत्तर गोव्यात तो मतदारामागे 86 रुपयांच्या आसपास जातो. मावळमध्ये 2024 ला 25 लाख 85 हजार मतदार होते, तिथे तो 19 रुपयांवर येतो. एखाद्या वसाहतीतले वाचनालय, स्मशानभूमीची शेड, गावातली व्यायामशाळा अशी कामे याच पैशातून होतात, त्यामुळे हा फरक कागदावर राहत नाही. निधीपेक्षाही मोठा प्रश्न माणसाच्या वेळेचा आहे. आमदाराच्या कार्यालयात येणारी दाखल्याची, बदलीची, पाण्याच्या टँकरची, सिडकोकडे अडकलेल्या हस्तांतरणाची प्रकरणे मतदारांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात. दिवस मात्र कोणत्याही आमदाराचा चोवीस तासांचाच असतो. पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली, 2017 मध्ये 78 नगरसेवक निवडले गेले आणि जुलै 2022 मध्ये त्यांची मुदत संपली. पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या साडेतीन वर्षांत, प्रशासकाच्या राजवटीत, लाखो रहिवाशांना दाद मागण्यासाठी जवळचा निवडून आलेला माणूस एकच उरला होता.

निवडणूक लढवण्याच्या बाजूनेही हेच दिसते. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. पनवेलमध्ये ती मतदारामागे जेमतेम सहा रुपये होते. एका मतदाराला एक पत्रक छापून घरपोच द्यायचे म्हटले तरी एवढे पैसे लागतात. गोव्यात मर्यादा 28 लाखांची आहे, पण मतदार तीस हजार असल्याने प्रत्येकामागे नव्वद रुपयांहून अधिक पडतात. तिथे पक्षाचे पाठबळ नसलेला उमेदवारही दोन महिन्यांत मतदारसंघातले बहुतेक दरवाजे ठोठावू शकतो. 2022 च्या गोवा निवडणुकीत सांत आंद्रेची जागा नव्याने उदयाला आलेल्या एका प्रादेशिक पक्षाने 76 मतांनी जिंकली. पणजीचा निकाल 716 मतांनी लागला. तिथे एका वाड्याने मनावर घेतले तर निकाल फिरतो. पनवेलमध्ये 2024 ला विजयी उमेदवाराला सुमारे 1 लाख 84 हजार मते मिळाली आणि आघाडी 51 हजारांची होती. याउलट गोव्यात 2022 मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाला सगळ्या राज्यात मिळून सव्वातीन लाखांच्या आत मते पडली होती आणि त्यावर त्याचे 20 आमदार निवडून आले होते. अवाढव्य मतदारसंघात उमेदवार मतदारापर्यंत पोचतो तो फ्लेक्समधून, मोबाइलवरच्या संदेशांतून आणि बूथ सांभाळणाऱ्या यंत्रणेतून. ही यंत्रणा उभी करायला लागणारा पैसा आणि मनुष्यबळ ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापुरतीच निवडणूक उरते. चांगला शिक्षक, कामगार कार्यकर्ता किंवा सोसायट्यांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे झटणारी बाई अशा मतदारसंघात उभी राहण्याचा विचारही करू शकत नाही, आणि हे लोकशाहीचे खरे नुकसान आहे.

लोकसभेच्या पातळीवर संख्येच्या जोडीला भूगोलाचाही प्रश्न येतो. मावळ मतदारसंघात पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन भाग घाटाखालचे, रायगड जिल्ह्यातले आहेत. मावळ, चिंचवड आणि पिंपरी हे तीन भाग घाटावरचे, पुणे जिल्ह्यातले आहेत. मध्ये बोरघाट आहे. एका बाजूचे जिल्हाधिकारी अलिबागला बसतात, दुसऱ्या बाजूचे पुण्याला. महसूल विभागही एक कोकण आणि दुसरा पुणे. 2008 पूर्वी पनवेल-उरणचा भाग कुलाबा मतदारसंघात होता. याच मतदारसंघातून प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील 1977 आणि 1984 मध्ये लोकसभेवर गेले. सिडकोने संपादन केलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांच्याच नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण आले. एका भागाचा प्रश्न एक असतो, तिथली माणसे एकमेकांना ओळखतात आणि प्रतिनिधी त्यांच्यातलाच असतो, तेव्हा काय घडू शकते हे त्या इतिहासात दिसते. मावळ मतदारसंघ झाल्यापासून निवडून आलेले दोन्ही खासदार, गजानन बाबर आणि श्रीरंग बारणे, पिंपरी-चिंचवडचे आहेत. 2024 च्या लढतीतले दोन्ही प्रमुख उमेदवारही तिथलेच होते. यात त्या व्यक्तींचा दोष काढण्याचे कारण नाही. जिथे मते जास्त आणि एकगठ्ठा, तिथला उमेदवार पक्ष देणारच. पण पवना धरणाच्या पाण्यावर जगणारे औद्योगिक शहर आणि नवी मुंबई विमानतळ, त्याच्या प्रभावक्षेत्रातला नैना प्रकल्प, सिडको, हार्बर लोकल यांच्याभोवती फिरणारे शहर यांची रोजची गाऱ्हाणी वेगळी आहेत. 2002 च्या परिसीमन कायद्याचे कलम 9 सांगते की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत आणि आखणी करताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. घाटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला मतदारसंघ या कसोट्यांवर फारसा उतरत नाही.

यावर काही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की लहान मतदारसंघ म्हणजे चांगले राजकारण, असे समीकरण नसते. गोव्यातच 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आणि 2022 मध्ये आठ आमदार एकगठ्ठा दुसऱ्या पक्षात गेले. तीस हजारांच्या मतदारसंघात नातीगोती आणि मिंधेपणही सहज पोसले जाते. हे मान्यच करायला हवे. मतदारसंघ लहान झाला म्हणून प्रतिनिधी प्रामाणिक होत नाही, तो हाताशी येतो एवढेच. पण इथली मागणी पनवेलला गोवा करण्याची नाही. एकाच राज्यातल्या, एकाच सभागृहासाठी मत देणाऱ्या दोन नागरिकांच्या मतांत तिप्पट फरक नसावा, एवढीच ती आहे. दुसरा आक्षेप मतदार यादीचा. नव्या वसाहतींत भाड्याने येणारी-जाणारी माणसे फार, अनेकांची नावे गावाकडेही असतात, पनवेलमध्ये दुबार नावांच्या तक्रारीही झाल्या. मग साडेसहा लाखांचा आकडा खरा कसा धरायचा? शंका योग्य आहे, आणि याद्या स्वच्छ व्हायलाच हव्यात. पण मतदारसंघ मतदार यादीवरून आखले जात नाहीत, जनगणनेवरून आखले जातात, आणि जनगणनेत मुलांसकट प्रत्येक माणूस मोजला जातो. 2011 मध्येच पनवेल तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात गेली होती. यादीतून दुबार नावे वगळली तरी वडाळ्याच्या दोन लाखांशी तिची बरोबरी होणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. लोकसंख्येवर जागा वाटल्या तर मुंबईची उपनगरे, ठाणे, पुणे आणि पनवेल यांच्या जागा वाढतील आणि तळकोकण, विदर्भ, मराठवाडा यांचा आवाज क्षीण होईल. ही भीती काल्पनिक नाही. बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ज्या राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, तो 2008 च्या फेररचनेत नाहीसा झाला. संगमेश्वर आणि रत्नागिरी जिल्ह्यातला खेड हे विधानसभा मतदारसंघही गेले. ज्या गावांतली तरुण मुले पोटासाठी बाहेर पडली, त्याच गावांचा आमदारही जावा, यात दुःख आहे. पण त्या मुलांचे काय? ती आज कामोठ्याच्या आणि खांदा कॉलनीच्या इमारतींत राहतात. खेड-संगमेश्वरहून आलेल्या माणसाच्या मताचे वजन इथे कमी ठेवले म्हणून त्याच्या गावाला न्याय मिळत नाही. विरळ वस्तीच्या, डोंगराळ भागाला सवलत जरूर द्यावी. जम्मू-काश्मीरमध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने सरासरीच्या वर-खाली दहा टक्क्यांची मुभा ठेवून काम केले. ब्रिटनमध्ये काही बेटांचे अपवाद सोडले तर फक्त पाच टक्क्यांची मुभा असते. सवलतीचे प्रमाण ठरवता येते, त्याची कारणे नोंदवता येतात. नुसता काळ लोटल्यामुळे पडलेल्या तिपटीच्या फरकाला मात्र असे कोणतेही कारण देता येत नाही. मागास भागांना निधी हवा असेल तर तो त्यांच्या गरजेवर द्यावा. आमदारांच्या संख्येतून तो मागच्या दाराने देण्याची पद्धत त्या भागांच्याही हिताची नाही.

चौथा आक्षेप देशाच्या पातळीवरचा आहे आणि त्याच्याच सावलीत हा सगळा प्रश्न अडकला आहे. लोकसंख्येनुसार लोकसभेच्या जागा वाटल्या तर दक्षिणेकडच्या राज्यांचा वाटा घटेल, त्यामुळे तिथे तीव्र विरोध आहे. त्या विरोधात तथ्य आहे. पण दोन प्रश्न इथे एकत्र झाले आहेत. कोणत्या राज्याला किती जागा हा एक प्रश्न. राज्याला मिळालेल्या जागा आत कशा वाटायच्या हा दुसरा. पनवेल आणि वडाळा यांच्यातला समतोल साधला तर तमिळनाडू किंवा केरळची एकही जागा कमी होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे करता येतात, याचा पुरावा म्हणजे 87वी घटनादुरुस्ती. राज्यांचे वाटप गोठलेले असतानाच तिने आतल्या सीमा बदलू दिल्या. त्यामुळे राज्याराज्यांतला वाद कधीही आणि कसाही मिटो, तोवर राज्यांतर्गत फेररचनेने थांबून राहण्याचे कारण नाही. प्रत्येक जनगणनेनंतर ती आपोआप व्हावी, हीच घटनाकारांची मूळ कल्पना होती. 2023 च्या 106व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी राखलेल्या एक तृतीयांश जागाही फेररचनेशी जोडल्या आहेत. म्हणजे विलंबाची किंमत पनवेलसारख्या शहरांबरोबर राज्यातल्या सगळ्या स्त्रियाही मोजत आहेत.

जगात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली गेली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याची लोकसंख्या जवळजवळ गोव्याइतकी, चौदा लाखांच्या आसपास आहे आणि गोव्याप्रमाणेच तिथून राष्ट्रीय सभागृहावर दोनच प्रतिनिधी जातात. पण त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात तब्बल 400 सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला नाममात्र 100 डॉलर मानधन मिळते. आपल्याला इतक्या टोकाला जाण्याची गरज नाही. घेण्यासारखा धडा दुसरा आहे. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असलीच पाहिजे असे बजावले, आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी तिथे सीमा बदलतात. त्याच देशाने एक इशाराही दिला आहे. अनेक राज्यांत सीमा आखण्याचे काम सत्ताधारी पक्षाकडेच राहिले, आणि आपल्या सोयीचे वेडेवाकडे मतदारसंघ कापण्याची खोड 1812 पासून सुटलेली नाही. आपल्याकडे हे काम निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आयोग करतो. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मतदानाचा अधिकार नसतो. ही व्यवस्था जपण्यासारखी आहे. तिच्यात एक उणीव आहे. आयोगाचा अंतिम आदेश कायद्याइतकाच बंधनकारक असतो आणि न्यायालयात त्याला आव्हान देणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जे सांगायचे ते आदेश निघण्याआधी, जाहीर सुनावणीत सांगावे लागते.

आणि इथेच खांदेश्वरसारख्या वसाहतीतल्या नागरिकांचे काम सुरू होते. 2027 च्या जनगणनेत आपले घर मोजले जाईल, घरातला प्रत्येक माणूस नोंदला जाईल, याची काळजी घेणे ही पहिली पायरी आहे. दोन घरांमध्ये वाटलेल्या कुटुंबांनी, भाडेकरूंनी आणि बांधकामावरच्या कामगारांनीही जिथे राहतो तिथेच नोंद करावी. दुसरी पायरी आयोगाचा मसुदा येण्याआधीच आपली आखणी तयार ठेवण्याची आहे. पनवेलमधून एकाहून अधिक विधानसभा मतदारसंघ निघणारच असतील, तर रेल्वेमार्गाच्या आणि महामार्गाच्या कोणत्या बाजूला कोणती वसाहत जावी, हे सोसायट्यांच्या महासंघांनी आणि गावांच्या कमिट्यांनी एकत्र बसून ठरवावे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आगरी, कोळी आणि आदिवासी वस्त्यांचे तुकडे करून त्या वसाहतींच्या गर्दीत विरघळवल्या जाणार नाहीत, हे या आखणीत आधी पाहावे. ज्यांच्या जमिनीवर ही शहरे उभी आहेत त्यांचा आवाज टिकला नाही, तर समान मताची मागणीच खोटी ठरेल. तिसरी पायरी खासदारकीच्या मागणीची: घाटाखालच्या भागाला घाटाखालचाच लोकसभा मतदारसंघ मिळावा. आणि या सगळ्याच्या वर एक कायमची तरतूद हवी, की राज्यांतर्गत सीमा प्रत्येक जनगणनेनंतर ठरलेल्या मुदतीत बदलतील आणि कोणत्याही विधानसभा मतदारसंघाची लोकसंख्या राज्याच्या सरासरीपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त ढळणार नाही. राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला जात, लिंग, शिक्षण, संपत्ती काहीही न पाहता एक मत दिले. ते मत देताना आपला पत्ता पाहिला जात असेल, तर तो दोष दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि पुढच्या जनगणनेचे आकडे आले की तो वापरण्याची वेळही येईल.